स्कॉटलंडहून किल्ट मागवताना नागपूरपर्यंतचा एकूण खर्च आधी कसा काढावा?

बर्डीचा_पायपर

नमस्कार मंडळी. मी नागपुरातल्या एका हौशी पाइप बँडमध्ये बॅगपाइप वाजवतो. आमचे कार्यक्रम बहुतेक हिवाळ्यात असतात, त्यामुळे अस्सल लोकरीचा, आठ वारी, हाताने शिवलेला किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चुण्यांचा घागरा) घ्यावा असे बँडमधल्या अनेकांच्या मनात आहे आणि असे काम चांगल्या प्रतीचे हवे असेल तर अजूनही स्कॉटलंडकडेच पाहावे लागते.

गेल्या वर्षी मी तिथल्या एका दुकानातून किल्ट मागवला. दुकानाच्या संकेतस्थळावर किंमत आणि पाठवणावळ एवढे दोनच आकडे होते. पार्सल मुंबईत उतरल्यावर कुरिअर कंपनीचा संदेश आला की कस्टम ड्युटी आणि क्लिअरन्सचे पैसे भरल्याशिवाय ते सुटणार नाही. रक्कम किमतीच्या जवळपास निम्मी होती आणि तिची फोड मागूनही मिळाली नाही. आमच्या ड्रमरने त्याच दुकानातून जवळजवळ तसाच किल्ट मागवला, तर त्याला लागलेल्या शुल्काचा टक्का निराळाच निघाला. दर महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकून ज्याने पैसे जमवले आहेत, त्याला शेवटच्या दिवशी असा आकडा कळणे फार जड जाते.

आता आणखी काही जणांना किल्ट हवे आहेत. पैसे भरण्याआधी एकूण खर्चाचा खात्रीचा अंदाज काढता येतो का? पोस्टाने मागवणे बरे की कुरिअरने? पार्सलवर ‘भेटवस्तू’ असे लिहून घ्यावे, असे काही जण सुचवतात. ते योग्य आहे का? आणि सर्वांची मागणी एकत्र पाठवली तर पाठवणावळ वाचेल का?

क्लिअरिंगवाला

मी आयात-निर्यातीच्या कागदपत्रांचे काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी भेटवस्तूचे बोलू, कारण तो सल्ला चुकीचा आहे. १२ डिसेंबर २०१९ च्या अधिसूचनेनुसार ई-कॉमर्स संकेतस्थळांवरून घेतलेला माल पोस्टाने किंवा कुरिअरने ‘भेट’ म्हणून सोडवून आणण्यास मनाई आहे. जीवरक्षक औषधे आणि राख्या एवढेच त्याला अपवाद आहेत. शिवाय विकत घेतलेल्या वस्तूला भेट म्हणणे ही खोटी नोंद ठरते आणि ती उघड झाली की पार्सल अडकते. विक्रेत्याने आपणहून तसे लिहायची तयारी दाखवली तरी त्याला स्पष्ट नकार द्यावा.

आता शुल्काविषयी. ते नुसत्या किमतीवर नव्हे, तर किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर आकारले जाते. त्या मूल्यावर मूळ सीमाशुल्क, मूळ सीमाशुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार आणि मग या सर्वांच्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवर लागणारा जीएसटी, अशी ही चढती मांडणी आहे. कराच्या रकमेवर पुन्हा कर लागत असल्याने एकूण टक्का वरवर दिसणाऱ्या दरांच्या बेरजेपेक्षा जास्त भरतो. मूळ शुल्क १० टक्के आणि आयजीएसटी १८ टक्के धरला तर एकूण ३०.९८ टक्के होतात. मूळ शुल्क २० टक्के धरले तर तोच आकडा ४३.९६ टक्क्यांवर जातो. जुन्या लेखांमध्ये आपल्याला ४२.०८ किंवा ७७.२८ टक्के असे आकडे सापडतील. ते अनुक्रमे १० आणि ३५ टक्के मूळ शुल्काचे असून आयजीएसटी २८ टक्के होता त्या काळातले आहेत. त्यांच्या भरवशावर अंदाज बांधू नये.

आपल्या आणि ड्रमरच्या शुल्कात फरक का पडला, हे कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, पण माझा पहिला संशय वर्गीकरणावर आहे. सीमाशुल्काच्या दरसूचीत वैयक्तिक वापरासाठी आणलेला माल ९८०४ या शीर्षकाखाली दाखवता येतो, किंवा कपडा म्हणून ६२ व्या प्रकरणात. दोन्हीकडचे दर सारखे असतीलच असे नाही आणि यातले कोणते शीर्षक लावायचे हे बहुधा कुरिअर कंपनीचा कर्मचारी आपल्याला न विचारताच ठरवतो. दोघांनीही आपापल्या बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे सीमाशुल्क खात्याकडे दाखल होणाऱ्या आयातीच्या विवरणपत्राची, प्रत मागून घ्यावी. ती मागण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या की शीर्षक, मूल्य आणि विनिमय दर यांपैकी फरक कोणत्या रकान्यात आहे ते लगेच दिसेल. विनिमय दरही बँकेचा नसतो. सीमाशुल्क खात्याने ठरावीक दिवसांनी जाहीर केलेला दर वापरला जातो.

किल्टच्या बाबतीत तारखेचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे आणि त्याकडे कोणी लक्ष देत नाही. शुल्काचा दर मागणी नोंदवली त्या दिवसाचा लागत नाही. बिल ऑफ एंट्री दाखल होते त्या सुमाराचा लागतो. हाताने शिवलेला किल्ट तयार व्हायला कित्येक आठवडे लागतात. डिसेंबरात मागणी दिली आणि माल मार्चमध्ये उतरला, तर मध्ये अर्थसंकल्प होऊन गेलेला असतो. २०२६-२७ च्या अर्थसंकल्पात वैयक्तिक वापराच्या आयातीवरचा दर २० वरून १० टक्क्यांवर आणण्याची घोषणा झाली. त्याआधी २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रति नग २,५०० रुपयांहून महाग कपड्यांवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. अशा बदलांच्या अलीकडे-पलीकडे आलेल्या दोन पार्सलांचे शुल्क सारखे कसे निघेल?

दोन गोष्टी मात्र आपल्या बाजूच्या आहेत. ब्रिटनमधल्या किमतीत तिथला २० टक्के व्हॅट धरलेला असतो आणि परदेशी जाणाऱ्या मालावर तो लावावा लागत नाही. म्हणजे ६०० पौंडांचा किल्ट आपल्याला ५०० पौंडांना पडायला हवा, आणि इन्व्हॉइसवरही ५०० हाच आकडा असायला हवा, नाहीतर त्यांच्या करावर आपण इथे शुल्क भरत बसू. दुसरी गोष्ट म्हणजे, विमानाने आलेल्या मालाच्या मूल्यात वाहतूक खर्च कितीही झाला तरी मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांपर्यंतच धरायचा, अशी तरतूद २००७ च्या मूल्यनिर्धारण नियमांतील नियम १० मध्ये आहे. ३०० पौंडांच्या किल्टला ९० पौंड पाठवणावळ पडली, तर शुल्कासाठी त्यातले ६० पौंडच मोजायला हवेत. बिल ऑफ एंट्री हाती आले की हे आवर्जून तपासावे.

सदर_कॅन्टोन्मेंट

वरील प्रतिसाद अत्यंत उपयुक्त आहे. पाठवणावळीविषयी माझी थोडी भर.

कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचे वजन यांपैकी जे जास्त असेल त्याचे पैसे घेतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागायचे, हे आकारमानाचे नेहमीचे सूत्र आहे. किल्ट पसरट खोक्यात घडी घालून ठेवला आणि खोके ५० बाय ४० बाय २० चे असले, तर आत अडीच किलोचा माल असूनही बिल ८ किलोचे होते. तोच किल्ट चुण्यांना कच्चा टाका घालून गुंडाळीने ४५ बाय २० बाय २० च्या खोक्यात बसवला, तर हिशेब ३.६ किलोवर येतो. गुंडाळी केल्याने चुण्यांचे काही बिघडत नाही, उलट त्या जागच्या जागी राहतात. विक्रेत्याला पॅकिंगचे माप विचारायला संकोच करू नये. चांगला विक्रेता लगेच सांगतो.

पोस्ट की कुरिअर, याबाबत माझे मत पोस्टाच्या बाजूचे आहे. पोस्टाचे पार्सल विदेश डाक कार्यालयात तपासले जाते, शुल्क तिथे ठरते आणि ते आपण पार्सल हाती घेताना भरतो. पोस्टाचे हाताळणी शुल्क किरकोळ असते. कुरिअर कंपनी मात्र आपल्या वतीने शुल्क आगाऊ भरल्याबद्दल आणि क्लिअरन्सबद्दल स्वतःची रक्कम वेगळी लावते, तिच्यावर जीएसटी असतो, आणि मूळ प्रश्नातल्या न उलगडणाऱ्या रकमेत हाच भाग मिसळलेला असण्याची शक्यता मोठी आहे. पोस्टाला वेळ जास्त लागतो, हे खरे आहे. कार्यक्रमाची तारीख जवळ असेल तर कुरिअरला पर्याय नाही.

क्लिअरिंगवाला

पोस्टाबद्दल मी पूर्ण सहमत नाही. महागड्या वस्तूच्या बाबतीत पोस्टाच्या मूल्यांकनावर हरकत घ्यायची झाली तर नागपुरात बसून पाठपुरावा करणे अवघड जाते, तर कुरिअरकडे निदान केवायसी झाल्यावर नोंद ऑनलाइन दिसते. काही विक्रेते ‘डीडीपी’, म्हणजे शुल्कासह घरपोच, असा पर्याय देतात. रक्कम थोडी जास्त दिसली तरी बँडमधल्या नवख्या मुलांना मी तोच सुचवेन. मात्र नंतर काहीही मागितले जाणार नाही, हे विक्रेत्याकडून ई-मेलवर लिहून घ्यावे.

एकत्र मागणीबद्दल लिहायचे राहिले. एकाच्या नावावर पाच-सहा किल्ट आले तर तो वैयक्तिक वापर मानला जाणे कठीण आहे. मग आयात-निर्यात क्रमांक लागतो, रीतसर बिल ऑफ एंट्री लागते आणि पार्सल त्याशिवाय हलत नाही. बँड एखाद्या नोंदणीकृत संस्थेचा असेल तर तो क्रमांक काढून संस्थेच्या नावानेच मागवणे स्वच्छ आहे. नसेल तर प्रत्येकाने आपापल्या नावाने मागवावे. पाठवणावळीत वाचणारे पैसे अडकलेल्या पार्सलापायी जातील. आणि किल्टच्या पार्सलात मोज्यात खोवायची ती छोटी सुरी किंवा केसाळ कातड्याचे स्पोरन (किल्टवर पुढे अडकवायची थैली) मागवू नये. त्या एका वस्तूवर शंका आली की सगळे पार्सल थांबते.

गांधीबाग_शिवणकाम

माझा अनुभव कापडाचा आहे, आयातीचा नाही, तरी मापाबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते. किल्ट चुकीच्या मापाचा आला तर या सगळ्या हिशेबाला अर्थ राहत नाही. परत पाठवण्याचा खर्च आपला, आणि माल परत निर्यात केल्यावर सीमाशुल्क कायद्याच्या कलम ७४ खाली शुल्काचा मोठा भाग परत मिळण्याची सोय असली तरी एकदा अंगावर वापरलेल्या कपड्यांना ती लागू नाही, असे आमच्या एका व्यापाऱ्याने कागद दाखवून सांगितले होते.

पॅंट जिथे बसते तिथे किल्ट बसत नाही. तो बेंबीच्या पातळीवर बांधला जातो, म्हणून कंबर तिथेच मोजावी. नितंबांचे माप सर्वांत रुंद जागी, आणि लांबी त्या वरच्या कंबरेपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत घ्यावी. माप दुसऱ्याने घ्यावे. स्वतः वाकून पाहिले की टेप सरकतो आणि लांबी चुकते. कंबर थोडी कमी-जास्त असेल तर बकल सरकवून मी इथे काम भागवू शकतो. नितंबांत मात्र चुण्या शिवून बसवलेल्या असतात आणि चौकटी एकमेकींशी जुळवलेल्या असतात. त्या उसवून पुन्हा बसवणे म्हणजे किल्ट नव्याने शिवण्यासारखेच आहे.

कापड कोणते घ्यावे, हेही सांगतो. सोळा औंसाचे जाड कापड चुणीला उत्तम, पण नागपूरच्या हवेत तेरा औंस पुरेसे आहे, आणि वजन घटल्याने पाठवणावळही थोडी उतरते.

बर्डीचा_पायपर

सर्वांचे मनापासून आभार. विक्रेत्याला आजच लिहिले. व्हॅट वगळून इन्व्हॉइस द्यायला तो तयार आहे आणि गुंडाळी करून पाठवण्याचेही त्याने मान्य केले, मात्र शुल्कासह घरपोच ही सोय भारतासाठी त्याच्याकडे नाही. त्यामुळे आम्ही प्रत्येक जण आपल्याच नावाने मागवणार आहोत आणि प्रत्येकाने शुल्कासाठी चढ्या दराने हिशेब करून रक्कम आधीच वेगळी ठेवायची असे ठरवले आहे. मापे घ्यायला येत्या रविवारी गांधीबागेत आलो तर चालेल का, ते कळवावे. ड्रमरने आणि मी बिल ऑफ एंट्रीच्या प्रती मागितल्या आहेत. त्या मिळाल्या की शीर्षकाचे आणि मूल्याचे रकाने इथे जसेच्या तसे लिहितो.