प्लेटाइम कंपनीतले सगळेच मरायच्या लायकीचे होते का?

उद्यमबाग_फिटर (बेळगाव)

'पॉपी प्लेटाइम' गेमच्या चौथ्या चॅप्टरपर्यंतचे स्पॉयलर आहेत. ज्यांचं खेळून व्हायचंय त्यांनी पुढं वाचू नका.

'8 ऑगस्ट 1995 ला प्लेटाइम कंपनीत जे मेले ते त्याच लायकीचे होते,' असं आपल्यातल्या एकानं परवा लिहिलं आणि बहुतेकांनी मान डोलावली. मला ते अजिबात पटलेलं नाही.

ज्यांना गेम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मॉब एंटरटेनमेंटच्या 'पॉपी प्लेटाइम' या हॉरर गेममधली ही खेळण्यांची कंपनी, एलियट लुडविगनं 1930 साली काढलेली. बाहेरून रंगीबेरंगी कारखाना, आत प्लेकेअर नावाचं अनाथाश्रम. तिथली पोरं 'बिगर बॉडीज इनिशिएटिव्ह' नावाखाली प्रयोगाला घेतली आणि त्यांचीच जिवंत, अवाढव्य खेळणी केली. हग्गी वग्गी हा प्रयोग 1170, कॅटनॅप 1188, मॉमी लाँग लेग्ज 1222. शेवटी 1006, म्हणजे प्रोटोटाइप, यांना घेऊन उठला आणि कारखान्यातली माणसं मारली. त्याला 'आवर ऑफ जॉय' म्हणतात. तिसऱ्या चॅप्टरच्या शेवटी पॉपी ही बाहुली त्याचीच टेप दाखवते.

आता माझं म्हणणं. मी फाउंड्रीत काम करतो. कोअर शॉपवाल्याला मशीन शॉपमध्ये काय चाललंय ते माहीत नसतं, फेटलिंगवाल्याला तर कशाचाच पत्ता नसतो. जॉब येतो, ड्रॉइंगप्रमाणे करून पुढं जातो. तो शेवटी पंपात बसणार की तोफेत, ते चलनावर लिहिलेलं नसतं. प्लेटाइमचा कारखानाही तसाच आहे. पहिला चॅप्टर आठवा. दार उघडायला आपल्याला मेक-अ-फ्रेंड मशीनवर कॅट-बी बनवावी लागते. वीज जोडायची, लिव्हर ओढायचा, खेळणं तयार होऊन बाहेर येतं, ते स्कॅनरवर ठेवलं की दार उघडतं. त्या मशीनवर रोज उभं राहणाऱ्या माणसाला खालच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेचं काय माहीत असणार? प्रयोग करणारा डॉक्टर हार्ले सॉयर दोषी, वरचा साहेब लीथ पिएर दोषी, वरचे सगळे दोषी. पण पॅकिंगच्या टेबलावरचा माणूसही? सफाईवालाही?

निपाणीची_लेक

दादा, तुमची फाउंड्री कळली. पण तुम्ही निवडलेला कारखाना तुमच्या सोयीचा आहे.

आमच्याकडं विडी बघा. माझी आजी विड्या वळायची, आईनं वळल्या. सुपात पानं, जर्दा, मांडीवर काम आणि शेजारी पोरगी दोरा गुंडाळत बसलेली. 1966 च्या विडी कायद्यानं कारखान्यात 14 वर्षांखालच्या मुलांना काम द्यायला बंदी केली. 1986 च्या बालकामगार कायद्यातही विडी वळणं बंदीच्या यादीत होतं, पण घरच्या माणसांच्या मदतीनं चालणाऱ्या कामाला सूट होती. म्हणजे तेच काम घरात आणलं की कायदा उंबऱ्याबाहेर. हे माल मोजून घेणाऱ्याला माहीत होतं, हिशेब लिहिणाऱ्याला माहीत होतं, शाळेत हजेरी घेणाऱ्या मास्तरांनाही माहीत होतं. 'मी फक्त माझं काम करतो' हे प्रत्येकाचंच उत्तर होतं आणि त्या उत्तरावरच सगळा धंदा उभा होता.

म्हणून प्लेटाइममध्ये कुणालाच माहीत नव्हतं हे मला पटत नाही. दुसऱ्या चॅप्टरमधलं गेम स्टेशन घ्या. म्युझिकल मेमरी, व्हॅक-अ-वग्गी, स्टॅच्यूज हे खेळ मुलांच्या मजेसाठी नव्हते, मुलं पारखायला होते. प्लेकेअरमधून त्या मुलांना हाताला धरून कुणीतरी आणत होतं. निकाल कुणीतरी लिहून घेत होतं. उद्या पोर दिसलं नाही की त्याचं अंथरूण गुंडाळून कोण ठेवत होतं? सॉयर तर नक्कीच नाही.

खानापूर_घाटावरचा

ताईंचं बरोबर आहे की. आणि फिटरभाऊ, एवढा विचार खेळण्यांनी का करायचा म्हणे? त्यांची देहं कापली, नावं काढून नंबर लावले. थिओडोर ग्रॅम्बेल नावाचं पोरगं होतं, त्याचा कॅटनॅप केला. मारी पेनची मॉमी केली. डोई नावाच्या खेळण्यामध्ये तर तीन पोरं कोंबलीत, जॅक, मॅथ्यू, केविन, एकाच पिठाच्या गोळ्यात. त्यांनी दरवाजात उभं राहून प्रत्येकाला 'तू कुठल्या खात्यात रे?' म्हणून विचारायचं होतं काय? मी तर म्हणालोय, उशीरच झाला.

उद्यमबाग_फिटर (बेळगाव)

निपाणीच्या ताई, तुमचा मुद्दा मान्य आहे, पण अर्धा. ज्यांच्या हाताला पोरगं होतं त्यांना माहीत होतं. ते माझ्या बचावात नाहीत, कधीच नव्हते. आणि त्या विडीच्या साखळीत तुमची आजीही होतीच की. तिला कुणी दोषी म्हणेल का? तिच्यापुढं दुसरा रस्ता नव्हता. प्लेटाइमच्या पॅकिंगवाल्याची स्थिती तिच्यापेक्षा फार वेगळी असेल असं मला वाटत नाही.

खानापूरकर, रागानं उठणं मला समजतं. पण जे उठले त्यांच्यामागं कोण होतं तेही बघ.

शहापूर_हातमाग

इथंच मला बोलायचंय. तुम्ही सगळे कामगार दोषी की निर्दोष यावर अडकलात आणि प्रोटोटाइपला मोकळं सोडलंत.

'आवर ऑफ जॉय'ला उठाव म्हणायचं असेल तर उठावानंतर काय झालं ते बघा. कॅटनॅप त्याला देव मानायचा. त्याच्यासाठी स्मायलिंग क्रिटर्स या आपल्याच जोडीदार खेळण्यांचे हाल केले, लाल धूर सोडून सगळं प्लेकेअर धाकात ठेवलं. तिसऱ्या चॅप्टरमध्ये हरल्यावर तो त्या धातूच्या पंजापुढं मान झुकवतो, आणि प्रोटोटाइप त्यालाच भोसकून ओढून नेतो. दुसऱ्या चॅप्टरमध्ये मॉमी ग्राइंडरमध्ये सापडते तेव्हा ती आपल्याला जेवढी भिते त्याहून जास्त त्याला भिते, कारण तो तिला स्वतःच्या अंगाला जोडून घेणार हे तिला ठाऊक आहे. आणि ज्या ओलीचा फोनवरचा आवाज आपल्याला धीर देत होता, तो ओलीही प्रोटोटाइपच निघतो. म्हणजे लहान मुलाचा आवाज काढून काम करून घ्यायचं. कंपनीनं याहून वेगळं काय केलं होतं?

मिस डिलाइट आठवतात? शाळेतल्या बाहुल्या. उपाशी राहून एकमेकींना खाल्लं त्यांनी. मालक मेले, पण खाली अडकलेल्यांच्या ताटात काही पडलं नाही. त्यामुळं फिटरभाऊंचा निष्कर्ष मला मान्य आहे, त्यांचं कारण मान्य नाही. ती कत्तल चुकीची ठरते ती पॅकिंगवाला निष्पाप होता म्हणून नाही. ती पोरांसाठी केलेलीच नव्हती म्हणून.

खानापूर_घाटावरचा

प्रोटोटाइप बेइमान निघाला म्हणून बाकीच्यांचा राग खोटा होतो काय? डोई बघ की. सेफ हेवन या लपायच्या जागेत उरलेल्या खेळण्यांना त्यानंच सांभाळलं. आतली तीन पोरं भांडत होती तरी सांभाळलं. त्याचा राग प्रोटोटाइपनं उसना दिलेला नव्हता.

निपाणीची_लेक

डोईचं खरं आहे, आणि तो शेवटी आपल्याच हातून मरतो हे मला अजून पचलेलं नाही.

फिटरदादा, आजीला कुणी दोषी म्हणू नये हे माझंही मत आहे. पण आजी आणि पॅकिंगवाला यांना एका ओळीत बसवू नका. आजीची स्वतःची पोर त्या सुपाशेजारी होती, जे गेलं ते तिच्याच घरातलं गेलं. प्लेटाइममधल्या माणसांनी दुसऱ्यांची पोरं दिली, ज्यांना विचारायला येणारं कुणीच नव्हतं. कंपनीनं अनाथाश्रमच का काढलं असेल याचा विचार करा. गावातली पोरं नेली असती तर दुसऱ्या दिवशी फाटकाशी आया उभ्या राहिल्या असत्या. हे त्या कारखान्यात सगळ्यांना कळत होतं.

आणि एक गोष्ट तुम्ही कुणीच काढली नाही. आपण ज्याच्या डोळ्यांनी खेळतो तो कोण आहे? कंपनीचा जुना कर्मचारी. दहा वर्षांनी त्याला पत्र येतं, 'आम्ही अजून इथंच आहोत, फूल शोध.' तो त्या दिवशी कारखान्यात नव्हता म्हणून वाचला. तो पॅकिंगवाला होता की गेम स्टेशनवरचा? पहिल्याच चॅप्टरमध्ये ग्रॅबपॅक, म्हणजे लांब जाणारे हात असलेलं पाठीवरचं यंत्र, हातात येतो आणि तो सराईतासारखा वापरतो. माझ्या मते त्याला बरंच माहीत होतं.

उद्यमबाग_फिटर (बेळगाव)

ग्रॅबपॅक वापरता येणं हा पुरावा होत नाही ताई. ते कारखान्याचंच हत्यार होतं, लांबचा माल उचलायला. ट्रेनिंगची टेप आपल्याला दाखवतातच की. ग्राइंडर चालवता येतो म्हणून कुणी मला तोफेचा कारागीर म्हणणार नाही.

पण अनाथाश्रमाचा मुद्दा जड आहे. त्याला माझ्याकडं एवढंच उत्तर आहे : प्लेकेअरमध्ये जे कामाला होते त्यांची बाजू मी घेत नाही. वरच्या मजल्यावर खेळणी डब्यात भरणाऱ्यांची घेतो. त्या टेपमध्ये दोघंही सारखेच मरतात, आणि तेवढ्यासाठी मी याला न्याय म्हणणार नाही.

शहापूर_हातमाग

मग पुढचा प्रश्न लुडविगचा. आश्रम काढला त्याच्या कंपनीनं, आणि इथं निम्मे लोक त्याला साधुसंत समजतात. त्यावर कोण बोलणार?

खानापूर_घाटावरचा

मी बोलतो. रात्री लिहितो, आता शिफ्टला जालोय.