मदत हवी आहे: कॉन्टिनेंटल जीटीचा ४८ व्होल्टचा अँटी-रोल बार

बेंटले कॉन्टिनेंटल जीटी, तिसरी पिढी, डब्ल्यू१२ (१२ सिलिंडरचं) इंजिन: ६३५ पीएस (अश्वशक्ती), ९०० न्यूटन-मीटर, वजन सव्वादोन टनांच्या आसपास. एवढी जड गाडी वळणावर फारशी कलत नाही, कारण अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचं कलणं रोखणारा दांडा) मधोमध दुभागून तिथे ४८ व्होल्टची मोटर बसवली आहे. सरळ रस्त्यावर दोन्ही भाग जवळजवळ सुटे राहतात, त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेलं तरी दुसऱ्या बाजूला धक्का कमी पोचतो. माझ्या मते खरी करामत इंजिनापेक्षा इथेच आहे.

प्रश्न असा: ४८ व्होल्टचा पुरवठा तुटला तर मोटरचा गिअर दोन्ही भाग जखडून ठेवतो की मोकळे सोडतो? शिवाय, व्हील अलाइनमेंटच्या (चाकांचे कोन जुळवण्याच्या) आधी ही यंत्रणा आणि एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या दाबावर गाडी पेलणारी यंत्रणा) कोणत्या क्रमाने बंद करायचं? हे काम हाताने केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावं.