मदत हवी आहे: मोझार्टच्या सोनाटात गाळलेले स्लर संपादकाने भरावेत का?

नमस्कार मंडळी,

विद्यार्थ्यांसाठी मोझार्टच्या एफ मेजर पियानो सोनाटाची (के. ३३२, म्हणजे त्याच्या रचनांच्या यादीतला क्रमांक) स्वच्छ प्रत तयार करते आहे. सूर उतरवून झाले, गाडी अडली आहे ती स्लरपाशी, म्हणजे सूर जोडून वाजवायला सांगणाऱ्या सुरांवरच्या वक्र रेघेपाशी.

पहिल्या मूव्हमेंटच्या (रचनेच्या भागाच्या) सुरुवातीलाच मोझार्टचे स्लर एकेका बारचे (उभ्या रेघांनी पाडलेल्या ठराविक मात्रांच्या घराचे) आहेत. एकोणिसाव्या शतकातले संपादक असे बार सर्रास एका लांबलचक स्लरखाली गोळा करत. मला ते मुळीच पटत नाही. स्लरच्या पहिल्या सुरावर किंचित वजन द्यायचं, ही त्या काळची रीत; संगीतकार सी. पी. ई. बाखने वादनावरच्या १७५३च्या ग्रंथात ती नोंदवली आहे. लांब स्लर आला की ते वजन जातं आणि सगळं सपाट लेगाटो (सलग जोडलेलं) होतं. १९२५ मध्ये संगीत-सिद्धांतकार शेंकरने या लांब स्लरांविरुद्ध अख्खा लेख लिहिला, तो उगाच नाही.

खरा पेच पुढे आहे. या काळातल्या हस्तलिखितांत एक्स्पोझिशनमध्ये (धून पहिल्यांदा मांडतात तिथे) स्लर असतो आणि तोच भाग रिकॅपिट्युलेशनमध्ये (शेवटच्या पुनरावृत्तीत) परत आला की कागद कोरा. तो आधीसारखाच वाजवायचा हे गृहीत धरलं होतं, की इथे वेगळंच हवं होतं? संपादकाची भर कळावी म्हणून तुटक रेघेने स्लर भरणं हा रूढ मार्ग. पण विद्यार्थी तुटक आणि अखंड रेघेत फरक करत नाहीत, दिसेल ते वाजवतात. जागा रिकामी ठेवली तर सूर सुटे सुटे येतात.

काही ठिकाणी तर घाईत ओढलेला स्लर बाररेषेपाशी अर्धवट थांबतो. पुढच्या बारचा पहिला सूर आत धरायचा की बाहेर? बाहेर ठेवला तर तिथून नवी सुरुवात ऐकू येते, आत घेतला तर तोच सूर शेवट होऊन हलका पडतो. कानाला दोन्ही पटतं, म्हणूनच जास्त त्रास होतो.

१७८४ची आर्टारिया या प्रकाशकाची छापील प्रतही बाजूला सारता येत नाही. अडाजिओमध्ये (संथ मूव्हमेंटमध्ये) थीम परत येते तेव्हाची तिथली सजावट हस्तलिखितात नाही, तरी ती सहसा मोझार्टचीच मानतात. मग फक्त छापील प्रतीत असलेला स्लर मोझार्टचा धरायचा की छपाईचा पत्रा खोदणाऱ्याचा?

ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया सांगा: सारखे भाग सारखे करता, की जसेच्या तसे ठेवता? आणि बाररेषेपाशी अडकलेल्या स्लरचा निर्णय कशावरून घेता? डाव्या हातावरून, हार्मनीवरून, की आणखी कशावरून? उदाहरणाला बार क्रमांक दिलात तर मला लगेच पडताळता येईल.