तुमच्या घराजवळचा उंबर आत्ता कसा आहे, सांगाल का?

कृष्णाकाठची

नमस्कार. मी विद्यापीठात प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. मूळची शिरोळ तालुक्यातली, आमचं गाव नृसिंहवाडीपासून जवळ. पुण्यात येऊन आठ महिने झाले. प्रश्न शेवटी विचारलाय, पण तो का पडला ते आधी सांगते. जरा लांबेल.

आमच्या वसतिगृहाच्या मागे एक उंबर आहे. मेसला जायच्या वाटेवरच. बुंध्याला आणि जाड फांद्यांना फळांचे घोस लगडलेत, पिकलेली खाली पडून पायाखाली चिरडतात. बाकीच्या मुली त्या वासाला कंटाळून पलीकडून जातात. मला मात्र तिथून हलवत नाही. वाडीला आज्जीबरोबर औदुंबराला प्रदक्षिणा घालत मोठी झाले मी, पण त्या फळाच्या आत काय आहे ते कधी बघितलं नव्हतं. आज्जी फोडू द्यायची नाही. आता आठ दिवस फोन केला नाही की ती म्हणते, "उंबराचं फूल झालीस बाई!"

तर फूल मी बघितलं. प्रॅक्टिकलला एक हिरवं फळ ब्लेडने उभं कापून स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. आतली भिंत सगळी फुलांनीच मढलेली होती. तांदळाच्या कण्यांएवढी बारीक, एकाला एक खेटलेली हजारो फुलं, सगळ्यांची तोंडं आतल्या पोकळीकडे. म्हणजे आपण ज्याला फळ म्हणतो तो अख्खा फुलोराच आहे, मूठ मिटावी तसा आत मिटलेला. देठाच्या विरुद्ध टोकाला बारीक खवल्यांनी बंद केलेलं एक तोंड असतं. त्या खवल्यांत काहीतरी चमकलं म्हणून सुईने ओढून काढलं, तर पंख निघाले. कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखे, तुटलेले. मॅडम म्हणाल्या, ही त्या माशीची पाटी आहे, ती आत गेली आणि पंख दारात ठेवून गेली.

ती माशी म्हणजे सेराटोसोलेन फ्युसिसेप्स नावाची फिग वास्प, गांधीलमाशीच्या नात्यातली, उंबर-अंजिरासारख्या झाडांच्या फळांत वाढणारी. लांबीला साधारण २ मिलिमीटर. उंबराचं परागीकरण हीच करते. मादी त्या तोंडातून रेटून आत शिरते, त्यात तिचे पंख मोडतात. छातीपाशी असलेल्या खिशांतून आणलेला पराग ती आतल्या फुलांवर घालते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढे अंडी घातलेली फुलं फुगून त्यांच्या गाठी होतात, आणि त्या गाठींतून आधी नर बाहेर येतात. पिवळसर, बिनपंखांचे. माद्या अजून आपापल्या गाठीत असतानाच नर त्यांना शोधतात, मग सगळे मिळून फळाच्या भिंतीला बोगदा पाडतात आणि संपतात. त्या बोगद्यातून माद्या पराग भरून घेऊन बाहेर पडतात.

आता खरी गोष्ट. गेल्या शनिवारी मी दहा फळं काढून खोलीवर आणली आणि बरणीत ठेवली. बरणीच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधला. सकाळी उठले तर खिडकीच्या काचेवर शेकडो काळे ठिपके. मच्छरदाणीच्या भोकांतून सगळ्या माद्या निसटल्या होत्या आणि उजेडाकडे धडपडत होत्या. मी खिडकी उघडली. पाच मिनिटांत काच स्वच्छ.

त्यानंतर मला जेवण गेलं नाही, खरंच सांगते. ही माशी जेमतेम एक-दोन दिवस जगते. तेवढ्यात तिला असा उंबर गाठावा लागतो, ज्याची फळं नेमकी कोवळी आणि तोंड किलकिलं झालेली आहेत. आमच्या झाडावर तर बहुतेक सगळी फळं एकदम पिकलीत, तिथे तिला काही नाही. रविवारी दुपारपर्यंत आवार पालथं घातलं. आणखी चार उंबर सापडले. दोन रिकामे, एकावर नुसते मुगाएवढे गुंडे, एक माझ्या झाडासारखाच पिकलेला. चतुःशृंगीच्या बाजूलाही जाऊन आले. मग त्या सगळ्या गेल्या कुठे?

म्हणून विचारते. पुण्यात तुमच्या घराजवळ, रस्त्यावर, देवळाच्या पाराशी उंबर असेल तर त्यावर आत्ता फळं आहेत का? मुगाएवढी, बोराएवढी हिरवी कडक, की पिकून लाल? आणि कुणी या विषयात काम केलं असेल तर हेही सांगा: मोजणीसाठी किती फळं फोडणं योग्य? हिरवं फळ फोडलं की आतलं सगळं मरतं, आणि मला ते जड जातंय.

शनिवारपेठकर

बाळ, तुझं लिखाण दोनदा वाचलं. वय ७४, जन्म वाड्यातला.

आमच्या वाड्याच्या मागच्या भिंतीत उंबर उगवला होता. कुणी लावला नव्हता, पाखरांची करणी. वडील म्हणायचे उपटा, आई म्हणायची दत्त महाराज आपणहून आलेत, हात लावायचा नाही. तीस वर्षं भिंत आणि झाड एकमेकांना धरून होते. वाडा पाडला तेव्हा दोन्ही गेलं.

आता गल्लीच्या तोंडाशी दत्ताचं छोटं देऊळ आहे, त्याच्या पाराचा उंबर बराच जुना. तुझं वाचून चष्मा लावून बघून आलो. फळं आहेत, बोराएवढी, हिरवी, हाताला कडक. गुरुवारी प्रदक्षिणेला गर्दी असते, तेव्हा येऊ नकोस, बाकी कधीही ये. फळ तोडायचं झालं तर पुजाऱ्यांना आधी विचार. मी सांगून ठेवतो.

एक शंका. याच झाडाच्या पानांवर फोडांसारख्या गाठी आल्यात. त्यातही तुझीच माशी असते का?

दिवेघाटमाथा

ताई, आमची अंजिराची बाग आहे, सासवडच्या अलीकडे. सध्या मीठा बहार चालू आहे, पहाटे चारला उठून तोडणी आणि सकाळी मार्केट यार्ड. तुमचं वाचून बायको विचारते, आपल्या अंजिरातही मेलेल्या माश्या असतात का? पुण्याचं गिऱ्हाईकही हल्ली हे विचारायला लागलंय. कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ फिरवलाय की अंजीर शाकाहारी नाही. काय उत्तर द्यायचं आम्ही?

उंबराचं म्हणाल तर ओढ्याच्या कडेला दोन आहेत. एकावर काही नाही. दुसऱ्याची फळं पिकलीत. संध्याकाळी वटवाघळं येतात, सकाळी तांबट आणि कोकीळ. आमच्याकडे जुनी माणसं विहीर घ्यायची तर आधी उंबर कुठे आहे ते बघायची.

कृष्णाकाठची

काका, पानांवरच्या गाठी वेगळ्या किड्याच्या. तो मावा-तुडतुड्यांच्या नात्यातला, रस शोषणारा छोटा कीटक असतो. त्याची पिल्लं त्या गाठीत वाढतात. झाडाला त्याने फार धोका नसतो. आणि तुम्ही चष्मा लावून बघून आलात, याचं काय बोलू? रविवारी नक्की येते.

दादा, वहिनींना सांगा, पुरंदरच्या अंजिरात माशी नसते. अंजिराच्या काही जातींना परागीकरण लागतं, पण आपल्याकडे लावतात त्या जातीची फळं परागीकरणाशिवायच धरतात, त्यामुळे माशी आत जायचा प्रश्नच येत नाही. अंजीर आणि उंबर एकाच कुळातले, पण उंबराची माशी वेगळी आणि तिला उंबरच लागतो. गिऱ्हाइकाला बिनधास्त सांगा.

वहीतले किडे

मी फिग वास्पवर काम केलेलं नाही, पण पीएच.डी.ची पाच वर्षं गाठी करणाऱ्या कीटकांमध्ये गेली. तुला जड जातंय हे वाचून बरं वाटलं. तो भाव जपून ठेव, त्याने नोंदीही नीट होतात.

आधी मोजणीचं. एकाच घोसातली पन्नास फळं फोडून जेवढं कळत नाही तेवढं वेगवेगळ्या फांद्यांवरच्या दहा फळांतून कळतं. आणि हिरवी फोडायची गरज फार थोडी आहे. खाली पडलेली, पण न चिरडलेली फळं उचल. माश्या निघून गेल्या तरी गाठी तिथेच असतात. भोक पडलेली गाठ म्हणजे त्यातून कुणीतरी बाहेर पडलं. भोक नसलेली फुगीर गाठ म्हणजे आतच मेलं. कडक पिवळसर दाणा म्हणजे बी. हे तिन्ही मोजलेस तर एका फळाचा बराचसा हिशोब लागतो आणि एकही जीव घ्यावा लागत नाही. गाठी सुईने सुट्या करायच्या, बशीत थोडं पाणी घालायचं. डोळे दुखतात, दिवसाला दोन फळांच्या वर करू नकोस.

बरणीला मलमल वापर. लक्ष्मी रोडला वार-दीड वार मागितलं की देतात. कापड दुहेरी कर आणि रबरापेक्षा दोऱ्याने बांध. बरणीत टिपकागद ठेव, नाहीतर काचेला दव धरतं आणि माश्या चिकटून मरतात. ज्या बाहेर येतील त्यातल्या ओळख पटवायला लागतील तेवढ्याच ७० टक्के अल्कोहोलमध्ये टाक, बाकीच्या झाडाखाली जाऊन सोड.

आणखी एक. बरणीतून बाहेर येणारी प्रत्येक माशी परागीकरण करणारी नसते. शेपटीला केसासारखी लांब सुई असलेल्या दिसतील. त्या आत शिरतच नाहीत, फळावर बाहेर बसून ती सुई भिंतीतून आरपार घालतात आणि अंडी देतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी अशा एका माशीची सुई तपासली तेव्हा तिच्या टोकाला जस्त सापडलं, २०१४ साली ते प्रसिद्ध झालं. म्हणजे लाकूड भोसकायच्या गिरमिटाला पोलादी टोक असावं तसं. वेगवेगळ्या सुयांच्या माश्या वेगळ्या मोज, नाहीतर सगळा हिशोब चुकेल.

त्या गेल्या कुठे, याचं उत्तर: वाऱ्यावर. एवढ्या चिमुकल्या जिवाला स्वतःच्या पंखांनी लांब जाता येत नाही. त्या वर उडतात, वारा नेईल तिकडे जातात, आणि कोवळ्या फळाचा वास आला की खाली उतरतात. प्रत्येक जातीच्या झाडाच्या फळाचा वास वेगळा. अशा माश्या कित्येक किलोमीटर जाऊ शकतात. बहुतेक पोचत नाहीत. पण झाडावरच्या काही फळांत पोचल्या तरी पुढचं सगळं चालू राहतं.

सिंहगडरोड

मला शास्त्रातलं काही कळत नाही, तरी लिहिते. आमच्या इमारतीत उंबर होता. सहाव्या मजल्यावरच्या माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याचा शेंडा दिसायचा. उन्हाळ्यात राखी धनेशाची जोडी यायची. फळ चोचीच्या टोकात धरून वर उडवून झेलायची. माझा मुलगा चार वर्षांचा होता, तो दूध तिथेच उभा राहून प्यायचा.

फळं गाड्यांवर पडतात, डाग पडतात, चिलटं होतात, अशी मीटिंगमध्ये तक्रार झाली. फांद्या छाटायचं ठरलं आणि आलेल्या माणसांनी बुंधाच तेवढा ठेवला. नंतर कुणीतरी सांगितलं की १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते. तेव्हा मला हे माहीतच नव्हतं, नाहीतर खाली जाऊन उभी राहिले असते. त्या दिवशी जमिनीवर हिरवी फळं पडली होती, टोपलीभर. आज तू लिहिलंस त्यावरून कळलं की ती रिकामी नव्हती.

आता बुंध्याला फुटवे आलेत. फळं नाहीत. तुझ्या यादीत "फळं नाहीत" असं लिही, पण झाड आहे असंही लिही.

कृष्णाकाठची

लिहिलं ताई. तेरा नंबरला तुमचं झाड आहे.

रविवारी शनिवार पेठेत जाऊन आले. विद्यापीठाच्या गेटवरून बस, मनपाला उतरून नव्या पुलावरून चालत. काका पारावर वाट बघत होते, हातात भिंग. पुजाऱ्यांनी स्वतः तीन फळं काढून दिली, आधी झाडाला नमस्कार करून.

फळांची तोंडं अगदी किंचित सैल झालेली. पहिल्या फळावर काही नव्हतं. दुसऱ्यावर भिंग धरलं आणि काकाच ओरडले, "अगं, चालतीये!" काळी, चकचकीत, डोकं चपटं. तोंडाभोवती एक फेरी मारली, थांबली, मिशा टेकवल्या, पुन्हा फेरी. मग डोकं खवल्याखाली घातलं. अर्धी आत गेल्यावर पंख मागे ताणले गेले आणि एक पंख खवल्याला अडकून तसाच उभा राहिला. पूर्ण आत जायला किती मिनिटं लागली ते मोजायचं राहिलं. आम्ही दोघं श्वास धरून बसलो होतो. पुजारीबुवा घंटा वाजवायची थांबवून येऊन वाकले.

माझ्या खिडकीतून सुटून तिला आठ दिवस झाले असते, म्हणजे ही त्यातली नाही. पण कुठल्यातरी झाडावरून आली आहे, आणि तो उंबर अजून मला सापडलेला नाही. ते फळ आम्ही फोडलं नाही. तोडलेलं फळ झाडावर परत लावता येत नाही हे मला माहीत आहे, तरी काकांनी ते बुंध्याच्या बेचक्यात ठेवलं. झाडावरच्या दहा फळांना लाल दोरा बांधून आले आहे. महिनाभर दर रविवारी जाऊन बघेन.

आज्जीला फोन करून सांगितलं की फूल बघितलं. ती म्हणाली, "मग कसं आहे?" म्हटलं, आतून आहे, पुढच्या वेळी येताना फोटो दाखवते.

औंध, खडकी, कोथरूडकडचं अजून कुणीच लिहिलेलं नाही. नदीकाठचे उंबर तर नक्की असतील. सांगा ना.