पंखे फिरतायत पण डिस्प्ले नाही? आधी केबली बघा

कॉम्प्युटरला नवा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा, म्हणजेच सप्लाय) टाकला, पंखे फिरतायत, मदरबोर्डावरचा लाईट लागतोय तरी स्क्रीन काळीच, म्हणून लगेच सप्लाय खराब आहे असं धरू नका. अशा वेळी बरेच जण रॅम (मेमरीची पट्टी) काढून पुसायला सांगतात ते ठीके, पण जुन्या सप्लायवर मशीन चालत होतं ना, मग आधी केबली. प्रोसेसरजवळ बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात ४ किंवा ८ पिनचं वेगळं कनेक्टर असतं, ते राहिलं की पंखे मस्त फिरतात आणि प्रोसेसर उपाशी. तिथे ४+४ वालीच (४-४ पिनांचे दोन तुकडे असलेली) लावायची, ६+२ वाली ग्राफिक्स कार्डाची, दिसते तशीच पण १२ व्होल्ट आणि ग्राउंड उलट, जोर करून घुसवू नका! २४ पिनवालीची एक बाजू बऱ्याचदा अर्धवट वर राहते, खटका बसेपर्यंत दाबा.

आणि हो, सप्लाय मॉड्युलर (केबली काढता-लावता येणारा) असेल तर जुन्याच केबली ठेवून नुसता डबा बदललाय का? सप्लायकडच्या टोकाला पिनांची मांडणी प्रत्येकाची वेगळी असू शकते, अगदी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही, हार्डडिस्क जळायला तेवढं पुरतं. तसं असेल तर बटण परत दाबूच नका, आधी नव्याबरोबर आलेल्या केबली लावा.