मदत हवी आहे: टाळ्या नेमक्या कधी वाजवायच्या?

पुढच्या शनिवारी बाबांना घेऊन मुंबईच्या एनसीपीए नाट्यसंकुलात पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रा ऐकायला जातोय. आधी मेंडेल्सोनचा ई मायनर व्हायोलिन कॉन्चेर्टो (एकटं व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रा यांची रचना), मध्यंतरानंतर ब्राम्सची चौथी सिम्फनी, म्हणजे अख्ख्या ऑर्केस्ट्राची मोठी रचना (१८८५). बाबा पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात मुरलेले. गाण्यातली एखादी जागा आवडली की ‘क्या बात है’ तोंडातून गेलंच समजा. तिथे म्हणे एक भाग संपला तरी लोक गप्प बसतात.

मेंडेल्सोनची धास्ती नाही. पहिला भाग संपतो तेव्हा एकटा बासून (खर्जातलं फुंकवाद्य) एक सूर धरून राहतो आणि त्यातूनच दुसरा भाग उमलतो. टाळ्यांना फटच नाही! ब्राम्सच्या चार भागांत ती सोय नाही. दाद कधी द्यायची, अगदी शेवटीच?

दुसरं, ब्राम्सचा शेवटचा भाग बाबांना कसा समजावू? आठ बारची (मात्रांच्या आठ गटांची) एकच धून, तिच्यावर तीस बदल. मधली एकाकी बासरी मला ओळखू येते, बाकी मोजणी चुकतेच. ‘लेहऱ्यावर (सतत फिरणाऱ्या एकाच धुनेवर) तबला सोलो’ ही उपमा चालेल, की जाणकार हसतील?

आणि तिकीट खालचं काढू की बाल्कनीचं? बाबांना जिने फार झेपत नाहीत, पण वरून आवाज खरंच चांगला लागत असेल तर हात धरून नेईन.