मदत हवी आहे: जुन्या वास्तूवर चिकटवलेली कला काढताना दगडाचं काय होतं?

मंडळी, एका चर्चेसाठी टिपण करतोय. वास्तुसंवर्धनातलं कुणी आहे का इथे?

फ्रान्समधल्या कार्कासोनच्या किल्ल्यावर २०१८ साली स्विस कलाकार फेलिचे वारिनी यांनी भलीमोठी पिवळी वर्तुळं उमटवली होती. रंग नव्हता तो, अ‍ॅल्युमिनियमचे पातळ पत्रे तटाला चिकटवले होते. ठरावीक जागी उभं राहिलं की वर्तुळं जुळायची, जरा बाजूला सरकलं की नुसते पिवळे तुकडे. (मला तर भन्नाट वाटलं, पण तिथले बरेच लोक भडकले होते.) २०१९ मध्ये ब्रिटिश शिल्पकार अँटनी गॉर्मली यांनी ग्रीसच्या डेलॉस बेटावर, प्राचीन अवशेषांमध्ये, २९ शिल्पं मांडली, तिथे भिंतीला काही चिकटवायचा प्रश्नच नव्हता.

माझं घोडं अडलंय ते चिकटवण्यापाशी. पत्रा काढताना सच्छिद्र दगडाचा वरचा थर सोबत निघतो का? आत मुरलेला गोंद वाफेने काढतात की द्रावकाने (गोंद विरघळवणाऱ्या रसायनाने)? आणि आधी चाचणी घेतात ती मूळ भिंतीवर की वेगळ्या दगडावर?

'चिकटवण्याऐवजी सरळ प्रकाशझोताने आकृती भिंतीवर टाका ना' हे उत्तर कृपया नको, भर उन्हात तो दिसणार कसा? प्रत्यक्ष असं काम केलेल्यांनी लिहिलं तर फार बरं होईल.